पाचव्या नंबरची भाषा

“ज्याच्या घरात कुणीही कॉम्प्युटरचा क्लास चालवत नाही, असा एक माणूस अख्ख्या कोल्हापुरातून शोधून आण. पुरवणी त्याला देतो,” बावडेकर साहेब म्हणाले, आणि चहा बशीत ओतून फुंकर घालायला लागले.

असा माणूस तेव्हा खरोखरच सापडला नसता. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. चपलांच्या दुकानावर, दवाखान्याच्या खाली, मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत, जिथे म्हणून चार टेबलं मावतील तिथे क्लास निघाले होते. क्लास म्हटला की भाषा आली. मराठी-इंग्रजी नव्हे, कॉम्प्युटरला हुकूम सोडायच्या भाषा. कुणी सी शिकवायचं, कुणी जावा, कुणी व्हिज्युअल बेसिक. बारावीचा निकाल लागला की आईबापांना एकच घोर लागायचा, पोराला कुठल्या भाषेला घालायचं?

त्याचं उत्तर दरवर्षी जूनमध्ये आमचं ‘दैनिक पंचधारा’ देत असे. रविवारच्या पुरवणीत तक्ता यायचा, ‘यंदाची लोकप्रिय भाषा’, पहिल्या नंबरपासून दहाव्यापर्यंत. लोक तो कापून कपाटाला चिकटवून ठेवायचे. तो कसा तयार होतो हे मात्र फक्त आतल्यांना ठाऊक होतं. जाहिरात विभागातले पाटोळे कागद घेऊन बसायचे आणि ज्याची जाहिरात मोठी त्याची भाषा वर टाकायचे. अर्ध्या पानाला पहिला नंबर, पाव पानाला तिसरा. एका वर्षी एका टायपिंगवाल्यानं चुकून मोठी जाहिरात दिली, तर पाटोळ्यांनी टायपिंगलासुद्धा आठवा नंबर देऊन टाकला होता.

बावडेकर साहेब नवे संपादक. हे कळल्यावर त्यांचा पारा चढला. यंदा खरंखुरं मोजायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि कचेरीत कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झालेली मी एकटीच असल्यामुळे ते माझ्या गळ्यात पडलं.

“पण साहेब, माझा नवरा व्हिज्युअल बेसिक शिकवतो. लोक काय म्हणतील?”

“लोक कसंही म्हणणारच. तू कसं मोजायचं ते ठरव. फक्त उद्या कुणी विचारलं, बाई हे कशावरून लिहिलंत, तर त्याच्या तोंडावर सांगता आलं पाहिजे. निघ आता.”

माझा नवरा रणधीर शाहूपुरीत ‘व्हीबी सर’ म्हणूनच ओळखला जायचा. व्हीबी म्हणजे व्हिज्युअल बेसिक. आम्ही दोघं कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे एकटे असताना तो ‘रणधीर’ आणि सासूबाईंसमोर ‘अहो’. माणूस हाडाचा मास्तर. फळ्यापुढे उभा राहिला की जेवणाची शुद्ध नसायची. आमचं घर त्या क्लासवर चालायचं, आणि क्लास चालायचा जूनच्या बॅचवर. माझ्या पगारात भाजी आणि पेट्रोल भागत होतं, बस. गेल्या तक्त्यात व्हीबी दुसरी होती, म्हणून त्या भरवशावर रणधीरनं यंदा शेजारची खोलीही घेतली होती. व्हीबी घसरली असती तर दोन्ही खोल्या ओस पडणार होत्या.

पुरवणीचं माझ्याकडे आलंय हे मी जेवताना सांगितलं. सासूबाईंचा चेहरा फुलला.

“पहिला नको देऊस बाई, लोक नावं ठेवतील,” त्या म्हणाल्या. “दुसराच ऱ्हाऊ दे.”

“आई,” रणधीर म्हणाला, “पुरवणी निघेपर्यंत ह्या घरात भाषेचा विषय बंद.”

“म्हणजे आता घरात बोलायचंबी न्हाई होय?”

“बोल की. स्वैपाकाचं बोल, पाहुण्यांचं बोल. क्लासचं न्हाई बोलायचं.”

मागचं आवरताना आम्ही दोघंच होतो तेव्हा मी म्हटलं, “तुला काहीच विचारायचं नाही मला?”

“काय विचारू? तू मोज, मी शिकवतो.”

आणि खरंच पुढे एक अक्षर बोलला नाही. गळ घातली असती, रुसला असता, तर मला कडाकडा भांडता आलं असतं. भांडण झालं की माझं डोकं मोकळं होतं. त्यानं तेवढीही सोय ठेवली नाही.

मोजायचं कसं? मला वाटलं, जी भाषा लोक शिकतात तिची पुस्तकं खपणार. बिंदू चौकाजवळ मगदूम अण्णांचा बुक स्टॉल होता. कॉम्प्युटरची पुस्तकं शहरात त्यांच्याकडेच मिळायची. मी कचेरीतून त्यांना फोन केला आणि सांगितलं, आता काही दिवस कुठल्या भाषेची किती पुस्तकं जातात ते जरा ध्यानात ठेवा, त्यावरून तक्ता करायचाय. शेजारच्या टेबलावर पाटोळे होते. त्यांची जुनी गादी मी काढून घेतली म्हणून ते घुश्शातच होते. माझा आवाज मुळात मोठा. संध्याकाळपर्यंत शहरातल्या झाडून सगळ्या क्लासवाल्यांना बातमी पोचली होती.

हे मला ठाऊक नव्हतं. काही दिवसांनी मी ठरल्याप्रमाणे अण्णांकडे गेले, तर ते गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

“या वैनी, या! काय तुमचा पायगुण! उभ्या जन्मात अशी विक्री झाली न्हाई माझी.”

मागचं रॅक भुंडं झालं होतं.

“जावा संपली?” मी विचारलं.

“जावा संपली, सी संपली. कोबॉलसुद्धा संपली.”

“कोबॉल?”

“रॅकच्या मागं पडलेली हो, उंदरानं कडा खाल्लेली. इंगवले काका रिक्षा घेऊन आले आणि होती तेवढी घालून घेऊन गेले.”

इंगवले काका बँकेतून निवृत्त झालेले. घराच्या व्हरांड्यात ते कोबॉल, म्हणजे बँकांची जुनाट भाषा, शिकवायचे, आणि त्यांच्याकडे विद्यार्थी म्हणून त्यांचा एक भाचा तेवढा होता. ह्या हिशेबानं कोबॉल दुसऱ्या नंबरला येत होती. मी स्टुलावर बसले.

“अण्णा, मग सगळे क्लासवालेच आले होते की काय?”

“नाव कुणी सांगितलं न्हाई. चौगुले सरांनी तर मेव्हण्याला पाठवलं.” चौगुले सर म्हणजे राजारामपुरीतला जावाचा मोठा क्लास, आमचे पक्के प्रतिस्पर्धी. “पण वैनी, क्लासवाला लपून लपतोय होय? पुस्तकं बांधून झाली की गडी हळूच विचारतोय, आमची ती सवलत तेवढी बघा की.”

क्लासवाल्यांना पुस्तकात सवलत देण्याची अण्णांची जुनी पद्धत होती. ती फक्त क्लासवाल्यांनाच मिळायची. मंडळी चोरून आली होती, मेव्हणे-भाचे पाठवले होते, कुणी तर परगावचा म्हणून बोलला होता, पण सवलत काही कुणाच्यानं सोडवली नव्हती. मला हसू आवरेना. अण्णाही पोट धरून हसायला लागले. आणि मग एकदम मला घरचा क्लास आठवला.

“आमच्याकडचं कोण आलं होतं?”

“आले होते की. स्वतः रणधीर सर.”

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. ‘तू मोज, मी शिकवतो’ म्हणणारा माणूस! मान खाली घालून मी विचारलं, “किती नेली?”

“नेतायत कुठली? आदल्या दिवशी त्यांची पोरं आली होती, वर्गणी काढून. सरांची भाषा वर आणायची म्हणाली. मी दिली बांधून. दुसऱ्या दिवशी सर गठ्ठा घेऊन हजर! पुस्तकं परत घ्यायला लावली, पोरांचे पैसे मागून घेतले आणि वर मला दम, की अण्णा, पुरवणी निघेपर्यंत माझ्या भाषेचं पुस्तक कुणालाबी द्यायचं न्हाई. म्हटलं, खरं गिऱ्हाईक आलं तर? तर म्हणाले, खरं कुठलं आणि खोटं कुठलं ते तुम्हाला कळायचं न्हाई, सगळ्यांनाच परत पाठवा.”

“म्हणजे व्हीबीचं एकही गेलं नाही?”

“जाऊ दिलं तर जाणार ना!”

मी कपाळाला हात लावला. गावातल्या सगळ्यांनी आपापला आकडा फुगवला होता आणि आमच्या शहाण्यानं स्वतःचा शून्यावर आणून ठेवला होता. दोन्ही सारखेच बिनकामाचे. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला, की समोर असता तर दोन शब्द सुनावले असते. आणि घरी जाताना स्कूटीवर उगाच गाणं गुणगुणत होते तेही मला आठवतं.

पुस्तकांचा नाद सोडला. शिकवणाऱ्यांना विचारून उपयोग नाही, शिकणाऱ्यांना अजून काही कळत नाही. मग राहिले कोण? शिकून गेलेले. जी पोरं इथून भाषा शिकून पुण्याला, बंगळूरला नोकरीला लागली, ती सकाळी कचेरीत गेल्यावर कुठल्या भाषेत काम करतात? जी तिथे लागते ती लोकप्रिय, असा सरळ हिशेब मी मांडला. पोरांचे फोन नंबर मिळवणं सोपं होतं. क्लासवाल्यांना आपली पोरं कुठे कुठे पोचली हे दाखवायची भारी हौस. मी ‘यशस्वी विद्यार्थ्यांचे नंबर द्या’ म्हटलं आणि सगळ्यांनी उड्या मारून दिले. ह्यावर तक्ता बेतला जाणार आहे असा कुणाला संशयही आला नाही. फोन करताना मी आवाजही खाली ठेवायला शिकले होते.

चौगुल्यांची पोरं जावातच होती. सीवाले अर्धे सीत, अर्धे जावात. इंगवले काकांचा एक जुना विद्यार्थी मुंबईत मोठ्या पगारावर कोबॉलच लिहीत होता, हे ऐकून मला काकांच्या रिक्षावर हसल्याचं थोडं वाईट वाटलं. आमच्या क्लासची पोरं मी शेवटी ठेवली होती. पहिला फोन तृप्ती खोतला लावला. ही रणधीरची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी.

“वैनी! सर कसे आहेत?”

“मजेत. तृप्ती, एक सांग, तू आता काम कशात करतेस?”

“जावात.”

“आणि व्हीबी?”

“इथं आल्यावर काही दिवसांतच सुटली, वैनी. आमच्याकडं नवीन काम व्हीबीत कुणी करत नाही आता.”

“पण परवा सरांशी बोललीस तेव्हा तर…”

“सरांना म्हटलं, तुम्ही शिकवलेलंच चाललंय. वैनी, प्लीज, त्यांना सांगू नका. त्यांनी इतक्या जीव तोडून शिकवलंय. त्यांना वाईट वाटेल.”

सुजित कांबळेनं तेच सांगितलं. वर म्हणाला, सरांना कळू देऊ नका. तिसऱ्यानं तेच, चौथ्यानं तेच. ही पोरं एकमेकांना ओळखतही नव्हती, वेगवेगळ्या वर्षांची. तरी सगळी एकच थाप सणावाराला फोन करून रणधीरला मारत होती, आणि तो फोन ठेवून मला आनंदानं सांगायचा, बघ, अजून व्हीबीच चालते. गुपित सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याला आणि मला तेवढं नव्हतं. आता मलाही होतं.

तक्ता मांडला. जावा पहिली. मग सी प्लस प्लस, सी, पीएचपी. व्हीबी पाचवी, तीही दुसऱ्या क्लासांमधून गेलेल्या चार-दोन पोरांमुळे. मी आकडे उलटसुलट करून पाहिले, पाचव्यावरून ती हलेना.

बावडेकर साहेबांनी कागद वाचला. “ही पाचवी म्हणजे तुझ्या घरची ना?”

“होय.”

“मिस्टरांना माहीत आहे?”

“नाही.”

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “क्लास बसेल का गं?”

“बसेल बहुतेक.”

त्यांनी कागदावर सही केली आणि छपाईला पाठवला. मी बाहेर आले आणि पाटोळ्यांच्या टेबलापाशी, जिथे अजिबात रडायचं नव्हतं तिथेच, मला रडू फुटलं. पाटोळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपला चहा माझ्यापुढे सरकवला. “घ्या,” ते म्हणाले. “म्हणून मी कधी मोजायच्या भानगडीत पडलो न्हाई.”

रविवारी पेपर आला तो आधी सासूबाईंच्या हातात पडला. त्यांनी बोट वरून खाली आणत आणत पाचव्यावर टेकवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेपर टीपॉयवर आपटून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. रणधीर दाढी करत होता. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्यानं तक्ता वाचला. मग खालचा बारीक मजकूरही वाचला, कसं मोजलं त्याचा.

“आपल्या पोरांनाही विचारलंस?”

“हो.”

“सुजितला? तृप्तीला?”

“हो.”

“मला तर तृप्ती म्हणते…” तो थांबला. एकेक फोन त्याला आठवतोय हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी त्यानं विचारलं, “सगळीच?”

“तुला वाईट वाटेल म्हणून रे. जीव आहे त्यांचा तुझ्यावर.”

रणधीर खुर्चीत बसला. पाचव्या नंबरनं त्याला काही झालं नव्हतं, पण ह्यानं त्याचे डोळे भरून आले. “चुकलेला प्रोग्राम लपवायचा न्हाई, तोंडावर सांगायचं, असं एवढी वर्षं ओरडतोय मी फळ्यापुढं,” तो म्हणाला. “आणि माझी चूक सांगायला एकालाबी धीर झाला न्हाई. मी काय शिकवलं मग?”

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. “अरे, लोकांचं राहू दे, घरात बसलीय तिला विचार की! हिला काय झालं होतं दुसरा नंबर लावायला?”

“आई, तिनं सांगितलं की,” तो म्हणाला. “तिनं एकटीनंच सांगितलं.”

उरलेली दाढी करून तो क्लासला गेला. मला चैन पडेना, म्हणून भाकरीचं पीठ तसंच टाकून मीही मागोमाग गेले. जिन्यात पाच-सहा पालक पेपर घेऊन उभे होते. मला वाटलं, आता हा समजूत घालेल, तक्त्यात काय अर्थ नसतो म्हणेल. चौगुले सोडले तर बाकी सगळे क्लासवाले त्या दिवशी हेच म्हणत होते. इंगवले काकांनी तर संपादकांच्या नावानं निषेधाचं पत्र लिहायला घेतलं होतं.

“सर, हे खरं हाय काय?” एका पालकानं पेपर पुढे केला.

“खरं आहे. जावाला घाला पोराला. राजारामपुरीत चौगुले सर आहेत. माणूस जरा बेरकी आहे, पण शिकवतो चांगलं.”

“पण थोरल्याला तुम्ही शिकवलं होतं की.”

“तेव्हा ते बरोबर होतं. आता नाही.”

पालक गेले. दिवसभर येत राहिले आणि तो पाठवत राहिला. जूनची बॅच भरली नाही. नवीन खोली आम्ही परत दिली, जुनीत चालू बॅचची पोरं तेवढी राहिली. वर्ष ओढाताणीचं गेलं, ते काही गोड करून सांगत नाही. सासूबाई माझ्याशी बोलायला लागल्या त्या गौरी आल्यावर, तेही फुलोऱ्याच्या करंज्यांना माणूस कमी पडलं म्हणून.

पण मला सांगायचंय ते जुलैमधलं. एका सोमवारी रणधीर म्हणाला, “मला राजारामपुरीत सोड.” मी विचारलं नाही, सोडलं. आणि विचारलं नाही तरी राहवेना, म्हणून मागोमाग वर गेले आणि चौगुल्यांच्या वर्गाच्या दाराशी उभी राहिले. त्याला आत आलेला पाहून चौगुले सर खडू हातात धरून थबकले.

“व्हीबी सर? तुम्ही इकडं?”

“शिकायला आलोय.”

वर्गात खसखस पिकली. तिथे आम्ही पाठवलेलीही पोरं होती. चौगुल्यांनी घाईघाईनं आपली खुर्ची पुढे केली. “अहो, बसा की, इथं बसा.”

“मी बाकावर बसतो.” तो तिसऱ्या रांगेत जाऊन एका मिसरूड फुटलेल्या पोराशेजारी बसला. पोरगं बिचारं कडेला सरकलं.

चौगुल्यांनी शिकवायला सुरुवात केली. आज पाहुणे आहेत म्हणून असेल, जरा झपाझपच चालले होते. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. “समजलं?” असं मध्येच विचारायचे आणि पोरं माना डोलवायची. तिसऱ्यांदा “समजलं?” म्हणाले तेव्हा रणधीरनं हात वर केला. मला वाटलं, आता हा त्यांची चूक काढणार. चौगुल्यांनाही तेच वाटलं असावं, त्यांचा चेहरा पडला.

“सर,” माझा नवरा उभा राहून म्हणाला, “मला नाही समजलं.”

आणि मग मागच्या बाकावरून एक हात वर आला. पाठोपाठ दुसरा. बघता बघता निम्म्या वर्गाचे हात वर होते. चौगुल्यांनी फळा पुसला आणि पहिल्यापासून सावकाश सांगायला घेतलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आमच्या. त्या दारात उभं राहून मला वाटलं, पहिल्या दिवसापासून मी माणसांचा तक्ता मांडत आले असते, तर हा पहिल्या नंबरवरून कधीच खाली आला नसता.